नमुना जुळत नाही

भिंगकाकांचा पहिला संशय बायकोवर गेला. त्यात काकूंचा काही दोष नव्हता. पहिला संशय नेहमी जवळच्या माणसावर घ्यावा, हा भिंगकाकांच्या खात्याचा अलिखित नियम होता, आणि काकू गेली चौतीस वर्षं जवळचं माणूस असल्यामुळे त्यांना याची सवयही झाली होती.

त्या दिवशी सकाळी साखरेच्या बरणीचं झाकण उघडेना. भिंगकाकांनी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, बरणी पोटाशी धरून दात-ओठ खाल्ले. झाकण हललं नाही. मग त्यांनी ओट्याकडे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या काकूंना विचारलं, "हे झाकण काल रात्री कोणी लावलं?"

"मी. का?"

"इतकं घट्ट लावायचं काही कारण?"

काकूंनी बरणी घेतली, दोन बोटांनी झाकण फिरवलं, बरणी उघडी करून त्यांच्यापुढे ठेवली आणि पुन्हा ओट्याकडे वळल्या. एवढ्या सहजपणे उघडलेल्या झाकणामुळे भिंगकाकांचा संशय कमी व्हायला हवा होता, तो वाढला. मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटं सुजली होती. काल झोपताना भेंडी होती, सकाळी गाजरं झाली होती. ही गाजरं गेले काही महिने अधूनमधून उगवत असत आणि अकरा वाजेपर्यंत ओसरत, म्हणून भिंगकाकांनी त्यांची दखल घेतली नव्हती.

भिंगकाका दस्त तपासणीच्या कार्यालयात सह्या पडताळायच्या टेबलावर होते. मृत्युपत्रं, खरेदीखतं, कुलमुखत्यारपत्रं त्यांच्या टेबलावर येत. नमुना सही डावीकडे, संशयित सही उजवीकडे, मध्ये भिंग. माणूस तोंडानं कितीही खोटं बोलू दे, हात खोटं बोलायला लागला की अडखळतो, असं ते म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी सख्ख्या भावांना, जावयांना, एका धर्मगुरूला आणि एका निवृत्त न्यायाधीशाला पकडलं होतं. खिशात कायम भिंग, म्हणून ऑफिसात भिंगसाहेब, बिल्डिंगमध्ये भिंगकाका. त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या सहीत उरलं होतं, आणि सही अशी वळणदार की ते नाव काही तिच्यातून वाचता येत नसे.

त्याच दिवशी ऑफिसात त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. काकूंच्या डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं. अर्ज दुपारी परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'अर्जदाराची सही नमुन्याशी जुळत नाही. संशयास्पद.'

शेरा लिहिणारी होती त्यांची शिष्या. सहा वर्षांपूर्वी ती खात्यात आली तेव्हा भिंग कसं धरायचं हेसुद्धा भिंगकाकांनीच तिला शिकवलं होतं. ते तिच्या टेबलाशी गेले.

"अगं, हा अर्ज माझा आहे."

"हो सर."

"मी स्वतः सही केलीय. तुझ्यासमोर उभा राहून सांगतोय."

शिष्येनं मान खाली घातली. "सर, तुम्हीच शिकवलंत. माणूस समोर उभा राहून शपथेवर सांगत असला, तरी त्याच्याकडे बघायचं नाही. कागदाकडे बघायचं."

आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी भिंग काढलं आणि स्वतःची सही पाहिली. सुरुवातीच्या वळणाला कंप, मधल्या रेघेला दाब नाही, शेवटचा झोकदार फाटा तर मधेच जीव सोडून बसलेला. कुणा परक्याची असती तर त्यांनी 'अट्टल पण आजारी भामटा' असा अभिप्राय दिला असता.

प्रकरण तिथंच थांबतं तर बरं होतं. पण कागद एकदा संशयास्पद ठरला की तो वरच चढतो. तो मोठ्या साहेबांपर्यंत गेला. साहेब चांगले होते, म्हणजे वाईट बातमी बसायला सांगून देत.

"बसा. गेल्या सहा महिन्यांत तुमच्या सहीनं दोनशे चौदा अभिप्राय गेलेत. तुमची सहीच जर तुमची नसेल, तर हे अभिप्राय कुणाचे?"

"माझेच, साहेब."

"ते तुम्ही म्हणताय." साहेबांनी खेदानं मान हलवली. "पंधरा दिवसांत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. नाहीतर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा दस्त स्थगित करावे लागतील. लोकांची घरं अडकतील हो."

त्यातलं एक घर एका म्हाताऱ्या नर्सबाईंचं होतं. पुतण्यानं लाटू पाहिलेलं ते घर भिंगकाकांच्या अभिप्रायामुळे वाचलं होतं. घरी जाताना भिंगकाकांना रजेचं, अपमानाचं काही वाटेना. ती बाई दोन्ही हातांत पिशवी धरून जिन्यात कशी उभी होती, तेवढंच आठवत राहिलं.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हा भिंगकाकांना पहिला संशयास्पद मुद्दा वाटला. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडतात ते विचारलं, रक्त काढायला लावलं. दोन दिवसांनी अहवाल घेऊन भिंगकाका पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, आणि विचारलं, "काका, पोट कसं आहे?"

भिंगकाकांनी बोटं टेबलावर ठेवली. "दुखतायत ही."

"ते कळलं. पोट साफ होतं का? गॅसेस, जुलाब, बद्धकोष्ठ?"

"डॉक्टर, चोरी वरच्या मजल्यावर झालीय आणि तुम्ही चौकशी तळमजल्यावर करताय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे पहारेकरी. बाहेरच्या शत्रूवर तुटून पडायचं सोडून ती स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडली होती, म्हणून तिथं दाह होता, सूज होती. ती अशी का बहकते, ते पुरतं कुणाला माहीत नाही. पण आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. बहुतेक सगळे सभ्य, काही तर फार उपयोगाचे. पहारेकऱ्यांना आपला कोण आणि परका कोण हे शिकवण्यात त्यांचाही हात असतो. हा आजार असलेल्या कित्येकांच्या आतड्यात ही वस्ती बदललेली दिसते. काही जीवाणू वाढलेले, काही नाहीसे झालेले.

"म्हणजे गुन्हेगार ते," भिंगकाका म्हणाले.

"तसं नाही म्हणता येत. कदाचित त्यांच्यामुळे आजार झाला असेल, कदाचित आजारामुळे ते बदलले असतील. संशय आहे, पुरावा नाही."

भिंगकाका खुर्चीत सरळ झाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा खात्याबाहेरचं कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. या बाईंवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असा धक्कादायक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

गोळ्या त्या दिवसापासूनच सुरू झाल्या. प्रमाणपत्रही मिळणार होतं. पण डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात याच विषयावर एक संशोधन चालू होतं. त्यात भाग घ्यायचा का, असं त्यांनी विचारलं. अगदी ऐच्छिक. सात दिवस जे खाल त्याची नोंद, रोजच्या पानाखाली सही, आणि आठव्या दिवशी सकाळी शौचाचा नमुना. नमुना बर्फाच्या पिशव्यांत ठेवून चार तासांच्या आत प्रयोगशाळेत आणून द्यायचा. भिंगकाकांना 'ऐच्छिक' या शब्दाचा कायमच संशय येत असे. पण आतल्या आत राहून, आपलंच खाऊन, आपल्यावरच उलटलेला कुणी घरभेदी असेल आणि तो पकडायची संधी चालून आली असेल, तर ती सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी संमतिपत्रावर सही केली. ती वाकडी आली.

नमुन्याचा डबा कुरिअरनं आला, आणि भिंगकाका ऑफिसात असल्यामुळे तो तळमजल्यावरच्या मास्तरांनी घेतला. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं सूचना वाचून दाखवायची सवय, ती सुटलेली नव्हती. संध्याकाळी भिंगकाका जिना चढायला लागले, तेव्हा मास्तर दारात उभे राहून डब्यावरची सूचना वाचत होते, "'शौच नमुना. सरळ धरावे. उलटे करू नये.' अहो भिंगवाले, हे काय नवीन?"

तीन मजल्यांची दारं उघडली.

मग जे होतं ते झालं. मास्तरांनी त्यांना आत बसवून जंतूंवर एक तास घेतला. जंतू म्हणजे जंतू, त्यात चांगले-वाईट असं काही नसतं, ही आजकालच्या डॉक्टरांची फॅशन आहे, असं त्यांचं मत. त्यांनी कपाटातून गेल्या वर्षीच्या दाढदुखीतल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या सहा गोळ्या काढून दिल्या. "तीन दिवस घ्या. पोट असं धुऊन निघेल की नमुन्यात सापडायला एक जंतू उरणार नाही. पैकीच्या पैकी मार्क."

वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींचं मत बरोबर उलटं. त्या गळ्यात टेप घालूनच खाली आल्या आणि विरजणाची वाटी पुढे करून म्हणाल्या, "भावजी, मारू नका हो त्यांना. खायला घाला. माझ्या बहिणीच्या जावेचा गुडघा या दह्यावर बरा झालाय. हे विरजण आमच्याकडे एकोणीस वर्षं चालू आहे."

"एकोणीस वर्षं?" भिंगकाकांनी वाटीत वाकून पाहिलं. एवढा दीर्घ सेवाकाळ असलेल्या कुणावरही त्यांचा विश्वास नसे.

त्यांनी दोघांचेही आभार मानले, आणि गोळ्याही घेतल्या नाहीत, दहीही खाल्लं नाही. गोळ्या त्यांनी पाकिटात घालून वर तारीख आणि 'मास्तरांकडून प्राप्त' असं लिहून खणात ठेवल्या. पुढे माहितीपत्रक वाचताना कळलं की अलीकडे अँटिबायोटिक घेतलेला माणूस या संशोधनाला चालतच नाही. त्या गोळ्या शत्रूबरोबर अख्खं गावही उठवतात. संशयानं माणसाचं भलं झाल्याचं एवढं शुद्ध उदाहरण मिळाल्यावर भिंगकाका दोन दिवस सगळ्यांनाच उपदेश करत होते.

आता राहिली नोंदवही. पहिल्या दिवशी भिंगकाकांनी तिच्यासाठी जेवणाचा पंचनामा केला.

"या भाजीत काय काय आहे?"

"दुधी."

"आणखी?"

"मीठ."

"आणखी काही, जे तू सांगत नाहीयेस?"

काकूंनी डाव खाली ठेवला. "अहो, पोलिसात नोंद करायचीय की वहीत?"

दुसऱ्या दिवशी मात्र वहीनं भिंगकाकांनाच पेचात टाकलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार वाजता तळणाची एक बशी त्यांच्यासाठी रोज बाजूला ठेवलेली असे, आणि ही गोष्ट घरी अकरा वर्षं कुणाला माहीत नव्हती. संशोधनाशी खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं, बायकोला सांगणं त्याहून शक्य नव्हतं. त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'दु. ४: एक अज्ञात तळीव पदार्थ.' काकूंनी ते वाचलं. तिसऱ्या दिवसापासून डब्यात एक जास्तीचं गाजर यायला लागलं. भिंगकाकांना त्या गाजराची जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी बोटं भडकली. गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण बोटांना तेवढा धीर नव्हता. शर्टाची बटणं काकूंनी लावली. त्या बटणं लावताना भिंगकाका छताकडे बघत उभे राहिले. एकदा काकूंनी वर पाहिलं, एकदा त्यांनी खाली पाहिलं, पण दोन्ही वेळा चुकामूक झाली. त्या दिवसापासून वहीही काकूच लिहायला लागल्या. भिंगकाका सांगत, त्या उतरवून घेत. निदान अक्षर तरी नीट राहील, असं म्हणून भिंगकाकांनी वहीकडे पाहायचंच सोडून दिलं.

आठवा दिवस उजाडला. भिंगकाकांचं पोट एकतीस वर्षं ऑफिसच्या घड्याळासारखं चाललं होतं. त्या दिवशी ते संपावर गेलं. सहा वाजले, सात वाजले. आत बसलेल्यांना आपल्यावर नजर असल्याची कुणकुण लागली असावी, असा भिंगकाकांना दाट संशय आला. काकूंनी गरम पाणी दिलं. शिवणवाल्या वहिनींनी वरून निरोप पाठवला की दही खाल्लं असतं तर ही वेळ आली नसती. साडेआठला जिन्यातून मास्तरांचा आवाज आला, "झालं का हो?"

या प्रश्नाला सभ्य माणसानं जिन्यात काय उत्तर द्यावं, याचं मार्गदर्शन कुठल्याही पुस्तकात नाही. भिंगकाकांनी नळ सोडला. आणि पावणेदहाला, सगळ्या बिल्डिंगनं आशा सोडल्यावर, झालं.

डब्यावरच्या चिठ्ठीत वेळ लिहायची होती आणि सही करायची होती. भिंगकाकांनी दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. डबा बर्फाच्या पिशव्यांत, पिशव्या मोठ्या डब्यात, तो डबा ऑफिसच्या बॅगेत. बस पकडून ते रुग्णालयाच्या फाटकाशी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते, आणि फाटकावर रखवालदार बॅगा तपासत होता.

"डब्यात काय आहे?"

"वैयक्तिक."

"वैयक्तिक म्हणजे? जेवण?"

"नाही."

"उघडा."

"उघडता येणार नाही."

रखवालदाराचे डोळे बारीक झाले. अशी नजर भिंगकाकांच्या चांगली ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात दिसे. मागे रांग वाढली. शेवटी त्यांनी रखवालदाराच्या कानाशी वाकून एक शब्द सांगितला. रखवालदार दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं रांगेतल्या सगळ्यांना हातानं बाजूला करून भिंगकाकांना वाट करून दिली. एवढा मान त्यांना निवृत्त न्यायाधीशाला पकडलं तेव्हाही मिळाला नव्हता.

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक कारकून बसला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ मिटलेले, समोर तीन रंगांची पेनं समांतर ठेवलेली. भिंगकाकांना बघताक्षणी तो आवडला. कारकुनानं संमतिपत्र काढलं, ओळखपत्र मागितलं, डब्यावरची चिठ्ठी पाहिली, नोंदवही उघडली. मग त्यानं वहीची पानं दोनदा मागेपुढे केली.

"नमुना तुमचाच कशावरून?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न त्यांनी एकतीस वर्षांत हजारो लोकांना विचारला होता. तो ऐकायला इतका वाईट वाटतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे? दुसऱ्याचा कोण कशाला आणेल?"

"लोक काय काय आणतात, तुम्हाला कल्पना नाही." कारकुनानं वही त्यांच्याकडे फिरवली. "हे बघा. ओळखपत्रावरची सही एक. वहीत चौथ्या ते सातव्या दिवसाची सही तिच्याशी तंतोतंत जुळते. पण संमतिपत्र, पहिले तीन दिवस आणि डब्यावरची चिठ्ठी, ही सही वेगळ्याच माणसाची. तेव्हा ओळखपत्रवाल्या गृहस्थांनी चौथ्या दिवसापासून वही लिहिली आणि नमुना दिला भलत्यानंच. तुम्ही यातले कोण?"

भिंगकाकांनी भिंग काढलं. कारकुनाच्या भुवया वर गेल्या; हत्यार ओळखणाऱ्यातला होता. चौथ्या दिवसाची सही. सुरुवातीचं वळण गोल, मधला दाब एकसारखा, शेवटचा फाटा वाऱ्यावर सोडल्यासारखा. ही त्यांचीच सही होती, दहा वर्षांपूर्वीची. पण चौथ्या दिवशी तर त्यांना शर्टाचं बटणही लावता आलं नव्हतं. त्यांनी फाट्याच्या टोकाकडे पाहिलं. टोकाशी पेन उचलण्याआधी किंचित थांबलं होतं, जणू कागदावर टेकलेला हात पुढच्या कामाला निघायचा होता. भिंगकाका असे थांबत नसत.

त्यांनी खिडकीशी उभं राहूनच घरी फोन लावला.

"वहीत चौथ्या दिवसापासून सही कुणी केली?"

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग काकू म्हणाल्या, "मी."

"तू?"

"तुम्हाला पेन धरवेना. खाली पान रिकामं राहिलं असतं. मग केली."

"पण ती हुबेहूब आहे!"

"असणारच की. सत्तावीस वर्षं करतेय. लेकीचं प्रगतिपुस्तक, पार्सलं, बिल्डिंगच्या नोटिसा, तिच्या कॉलेजचे फॉर्म. तुम्ही घरी असायचा कधी? आणि असलात तरी एकेक कागद दोन-दोन दिवस तपासत बसायचात. शाळा थांबते का?"

ज्या घरात ते रोज भिंग खिशात घालून वावरत होते, त्याच घरात, चहाचा कप पुढे सरकवणाऱ्या त्याच हातांनी, जिल्ह्यातली सर्वांत सफाईदार बनावट सही सत्तावीस वर्षं चालली होती. आधी त्यांना संताप आला. मग लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी, कबूल करायची सोय नव्हती तरी, थोडा अभिमानही वाटला.

"आणखी वीस मिनिटं थांबू शकतो," कारकून म्हणाला. "मग जेवणाची सुट्टी, आणि ती संपेपर्यंत तुमचे चार तास उलटतील. नमुना बाद."

सोपी वाट समोर होती. वहीतल्या सुबक सह्या माझ्या, बाकीच्या घाईत केल्या, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. ओळखपत्र त्यांच्या बाजूनं होतं. भिंगकाकांनी कोरा कागद मागितला आणि खात्यात लिहीत तसा अभिप्राय लिहिला. बोटांतून कळा येत होत्या, अक्षरं एकमेकांवर कोसळत होती. 'चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सह्या, ओळखपत्राशी जुळत असल्या तरी, माझ्या नाहीत. त्या घरातल्या जबाबदार व्यक्तीनं माझ्या सोयीसाठी केल्या आहेत. वाकड्या आहेत त्या माझ्या. नमुनाही माझा.' खाली त्यांनी सही केली. पेन दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा फाटा कसाबसा पुरा झाला.

कारकून त्या हाताकडे बघत होता. कागदाकडे नाही, हाताकडे. मग त्यानं अभिप्राय डब्यावरच्या चिठ्ठीशेजारी धरला.

"जुळते," तो म्हणाला, आणि हिरव्या पेनानं टिक केली. "माझ्या आईलाही हेच आहे. सकाळी कंगवा धरता येत नाही तिला." डबा आत घेऊन त्यानं खिडकी लावली.

ऑफिसात प्रमाणपत्र पोचलं, पण साहेबांचं तेवढ्यानं समाधान होईना. दोनशे चौदा सह्या पुन्हा तपासायचं काम शिष्येकडे गेलं. दोन दिवस ती बंद खोलीत बसली होती, आणि दोन दिवस भिंगकाका आपल्या टेबलाशी बसून रिकाम्या कागदाला भिंग लावत होते. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि फाइल त्यांच्यापुढे ठेवली. नियमानं ती आधी साहेबांकडे जायला हवी होती.

तिनं लिहिलं होतं: 'दाब उत्तरोत्तर कमी. कंप वाढता. परंतु वळण, अंतर आणि हात उचलण्याच्या जागा अखेरपर्यंत त्याच. सर्व सह्या एकाच व्यक्तीच्या. त्या व्यक्तीस वेदना होत असाव्यात.'

"शेवटचं वाक्य नियमात बसत नाही," भिंगकाका म्हणाले.

"माहीत आहे सर."

"राहू दे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. नर्सबाईंचं घर नर्सबाईंकडेच राहिलं.

दोन महिन्यांनी गोळ्यांनी सूज बरीच उतरली. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावून अहवाल दाखवला. भिंगकाकांच्या आतड्यात एका जातीचे जीवाणू अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते, आणि दोन उपयोगी जाती जवळजवळ दिसतच नव्हत्या.

"म्हणजे सापडला," भिंगकाका म्हणाले.

"एवढ्यावरून आरोप नका ठेवू. तुमच्या घरातलं अन्नच तसं असेल तर? पाणी तसं असेल तर? तुलना करायला त्याच घरातलं, तेच खाणारं, पण हा आजार नसलेलं माणूस हवं." डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्ही द्याल का नमुना?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर अधिकृतपणे संशय घेतला जात होता, शास्त्रशुद्ध, सरकारी शिक्क्यासह. "देते की," त्या म्हणाल्या. "मलाही कळू दे, यांच्याबरोबर राहून माझ्या पोटात काय काय साठलंय ते."

फॉर्म घरी आणला. तीन ठिकाणी सही हवी होती, आणि तिन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात असं खाली ठळक छापलं होतं. संध्याकाळी काकूंनी जेवणाचं टेबल पुसून फॉर्म पुढे घेतला, पेन उचललं, आणि हात थांबला. मग त्यांनी एक रद्दी कागद ओढून त्यावर आपलं नाव लिहून पाहिलं. पहिलं शाळेतल्या मुलीसारखं गोल आलं. दुसरं घाईचं, आडवं. तिसऱ्याला नकळत एक झोकदार फाटा फुटला. तो त्यांनी लगेच खोडला.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझी सही कशी होती हो?"

भिंगकाकांनी आठवून पाहिलं. हजारो परक्यांच्या सह्या त्यांना डोळे मिटून सांगता आल्या असत्या. ही आठवेना. ती त्यांनी कधी तपासलीच नव्हती.

ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनी आणखी एक कोरा कागद काकूंपुढे सरकवला. "घाई नाही," ते म्हणाले. "जी जमेल ती. मी बघत नाही." आणि खरंच त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि मागे कागदावर पेन अडखळत, थांबत, पुन्हा चालायला लागल्याचा आवाज ऐकत बसले.